गेजवाल्या मावशी आणि सहा फ्रेम

मावशींसमोर "मला वाटतं" असं म्हणायची सोय नव्हती. कोणी म्हटलंच तर त्या चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि विचारायच्या, "वाटून राहिलं की मोजलं?" ताप आल्यासारखं वाटतंय म्हटलं तरी हाच प्रश्न, आणि पेपर सोपा गेल्यासारखा वाटतोय म्हटलं तरी हाच. आवाजात राग नसायचा. दुकानदार "सुटे आहेत का?" विचारतो तितक्या सहजपणे त्या विचारायच्या. पण उत्तर देणाऱ्याची मात्र पंचाईत व्हायची.

जबलपुरात कांचघरच्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे गेजवाल्या मावशी म्हणत. रिछाईच्या औद्योगिक वस्तीतल्या एका लहान कारखान्यात त्या तपासणीच्या टेबलावर होत्या. तिथं गाड्यांना लागणाऱ्या लोखंडी बुशा, म्हणजे आरपार भोकाच्या आखूड नळ्या, तयार व्हायच्या. प्रत्येक बुश हातात घ्यायची आणि तिच्या भोकात गेज घालून बघायचं, हे त्यांचं सव्वीस वर्षांचं काम. गेज म्हणजे दोन टोकांचा एक पोलादी दांडा. "एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये," त्या सांगायच्या. "दोन्ही गेली तरी माल बाद, दोन्ही अडकली तरी बाद. यात भांडण कशाचं?" एकदा महिनाअखेरीला मालक स्वतः टेबलापाशी आले आणि बाद झालेला एवढा एक लॉट सोडा म्हणाले. मावशींनी कागद त्यांच्यापुढे सरकवला. "सोडते ना साहेब. फक्त सही तुम्ही करा." मालकांनी सही केली नाही, आणि लॉटही गेला नाही.

अशा बाईला मी पहिल्यांदा बंदूक चालवताना पाहिलं ती फेब्रुवारीतली एक संध्याकाळ होती. मी तेव्हा कॉलेजात शिकत होते. आमचं घर त्यांच्या समोरच, म्हणून आईने त्यांचा डबा परत करायला पाठवलं होतं. जिन्यातच गोळ्यांचा आवाज ऐकू आला. वर बघते तर मावशी खुर्चीत मांडी घालून बसलेल्या, मोबाइल आडवा धरलेला, आणि पडद्यावर त्यांचा शिपाई एका भिंतीआडून शांतपणे नेम धरून बसलेला. आतून त्यांचे यजमान, आमचे काका, ओरडले, "मारलं का गं?" मावशी म्हणाल्या, "थांबा, अजून दोन आहेत." तोच गेम मीही खेळत होते. तीन-तीन जणांचे संघ, शेवटपर्यंत ज्याचा माणूस उभा राहील तो जिंकला. मी वाकून त्यांची क्रमवारी पाहिली. ती माझ्या बरीच वर होती.

गेम त्यांच्या फोनवर घालून दिला होता त्यांच्या मुलाने, प्रणवने. नोकरीसाठी बंगळूरला जाताना तो म्हणाला होता, "आई, रोज संध्याकाळी इथं भेटू." दोन महिने मायलेक खरंच तिथं भेटले. एकमेकांना गोळ्यांपासून वाचवता वाचवता जेवलास का, कपडे कोण धुतं, हे सगळं बोलणं व्हायचं. मग त्याची पाळी बदलली आणि त्याचं येणं थांबलं. मी विचारलं, "मग तुम्ही नाही सोडला?" त्या म्हणाल्या, "काहून सोडू? तोवर मला खेळता येऊन राहिलं होतं ना."

मग आम्ही दोघी एकत्र खेळू लागलो. तिसरा भिडू मी आणला. अंशुल माझ्या वर्गातला. हात चपळ, तोंड त्याहून चपळ. मावशींना पाहून त्याने आधी मला बाजूला घेतलं. "केतकी, ये आंटी खेलेंगी? सच में?" पहिल्या आठवड्यात मावशींनी त्याला चार वेळा मरता मरता वाचवलं, तेव्हा तो विषय संपला.

आमच्या गेममध्ये तेव्हा दोन बंदुकांवरून रोज वाद चालायचे. एक जड, सावकाश चालणारी, पण एकेका गोळीत जोर असलेली. दुसरी हलकी आणि भरभर चालणारी. खरी नावं इंग्रजी आणि लांबलचक होती, म्हणून मावशींनी त्यांची नावं ठेवली हातोडा आणि मशीन. मशीन म्हणजे शिलाई मशीन. आवाज अगदी तसाच यायचा. कोणती लवकर मारते यावर लोक तासन्‌तास भांडायचे. मावशींनी दोन दिवस ते ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "चल. तू उभी राहा, मी मारते."

गेममध्ये सरावासाठी एक रिकामी खोली असते. तिथं भिंतीला पाठ लावून मी उभी राहायची आणि मावशी दहा पावलांवरून मला मारायच्या. आधी हातोड्याने, मग मशीनने, मग पुन्हा हातोड्याने. "हलू नको. श्वास घेतला तरी चालेल." सगळं पडद्यावर रेकॉर्ड व्हायचं. मोबाइलच्या रेकॉर्डिंगमध्ये एका सेकंदाची साठ चित्रं असतात, त्यांना फ्रेम म्हणतात. मावशी ते रेकॉर्डिंग एकेक फ्रेम पुढं सरकवत मोजायच्या आणि शाळेच्या दोनशे पानी वहीत लिहायच्या. त्या एका महिन्यात मी जितक्या वेळा मेले तितक्या वेळा आमच्या संघात कोणी मेलं नसेल.

निघालं ते असं. माणसाचा जीव शंभर. हातोड्याची एक गोळी चौतीस घेते, म्हणजे तीन गोळ्यांत माणूस खलास. मशीनची एक गोळी सव्वीस घेते, म्हणजे चार लागतात. हातोड्याच्या दोन गोळ्यांमध्ये सहा फ्रेम जातात, मशीनच्या दोन गोळ्यांमध्ये चार. अंशुलने लगेच हिशोब केला, "तीन छक्के अठारह, चार चौके सोलह. मशीन जीती!" मावशींनी मान हलवली. "कुंपणाला चार खांब असले तर मधल्या जागा किती?" तो बोटं मोजायला लागला. "तीन. पहिल्या गोळीला वेळ लागतच नाही रे, ती सुटली की घड्याळ सुरू. हातोड्याच्या तीन गोळ्या, जागा दोन, म्हणजे बारा फ्रेम. मशीनच्या चार गोळ्या, जागा तीन, म्हणजेही बारा." सगळं जग ज्यावर भांडत होतं तिथं बरोबरी निघाली. मावशींना केवढा आनंद झाला होता! काकांना हाक मारून त्यांनी ते पान दाखवलं. काकांनी चष्मा शोधला, पान पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे आता भांडायचं कशावर?"

पण मावशी तिथं थांबल्या नाहीत. त्यांचं म्हणणं होतं की हे झालं समोरचा उभा आणि हात स्थिर असतानाचं. कारखान्यात नवी बुश नेहमी छानच दिसते. त्यांनी अंशुलच्या वीस लढतींची रेकॉर्डिंगं मागवली आणि त्याच्या गोळ्या मोजल्या. मशीन हातात असली की त्याच्या दहातल्या तीनच लागायच्या. हातोडा असला की पाच. "चार गोळ्या लागायला तुला तेरा सोडाव्या लागतात. त्याच्या झाल्या अठ्ठेचाळीस फ्रेम. हातोड्याने सहा सोडल्या की काम होतं, तीस फ्रेम. तुझ्या हाताला मशीन महाग पडून राहिली, बेटा." अंशुल चांगलाच चिडला. मशीन ही त्याची शान होती. दोन दिवस तो आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, काही न बोलता हातोडा उचलला, आणि त्या आठवड्यात आम्ही सात सामने जिंकलो. "आंटी, आपने मेरी इज़्ज़त भी ली और जान भी बचा ली," तो म्हणाला. मावशी म्हणाल्या, "चलो, पोहे खा."

त्यांचं आणखी एक वेड होतं. गेममध्ये नवा बदल आला की दुसरं काही करायच्या आधी जुनं सगळं पुन्हा मोजायचं. "यंत्राला हात लागला की पहिला नग तपासायचा," हे कारखान्यातलं शहाणपण. शहरातल्या एका स्पर्धेच्या फेऱ्या सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात असाच एक बदल आला. सोबतच्या सूचनेत फक्त किरकोळ सुधारणा असं लिहिलं होतं. मावशींनी मला भिंतीशी उभं केलं. हातोड्याच्या तीन गोळ्या. मी पडले नाही.

"नेम चुकला का?" मी विचारलं.

"नाही. तिन्ही लागल्या. तुझी पट्टी बघ." माझ्या जिवाच्या पट्टीत केसाएवढी लाल रेघ उरली होती. मावशींनी दहा वेळा मारून पाहिलं. दहाही वेळा तेच. चौतीसची गोळी तेहेतीसची झाली होती. तीन गोळ्यांचे नव्याण्णव.

"अरे, एक पॉइंट से क्या होता है, आंटी?" अंशुल म्हणाला.

"एकाने चौथी गोळी लागते. बाराच्या अठरा फ्रेम झाल्या. तेवढ्यात मशीनवाला तुला मारून दीड गोळी वर सोडेल." मग त्यांनी वही मिटली आणि निर्णय सांगितला. "केतकी अन् मी मशीन घेऊ. तू हातोडाच ठेव. तो बिघडला, तरी तुझ्या हातात अजून मशीनपेक्षा बरा."

त्या फेऱ्यांमध्ये समोरचे बहुतेक संघ जुन्या भरवशावर हातोडा घेऊन उतरत होते. तीन गोळ्या मारून ते आम्ही पडायची वाट बघायचे, आणि त्या सहा फ्रेममध्ये आम्ही त्यांना पाडायचो. एकामागून एक फेऱ्या जिंकत आम्ही शेवटच्या दिवसापर्यंत पोचलो. अंतिम सामने शहरातल्या एका सभागृहात, मोठ्या पडद्यावर होणार होते. अंशुलने स्वतःच्या खर्चाने तीन सारखे टी-शर्ट शिवून आणले. मावशींनी त्यांचा साडीवरून घालून पाहिला.

सामन्याला दहा दिवस उरले असताना मावशींनी आम्हा दोघांना रविवारी सकाळी बोलावलं. पोहे होते, जिलेबी होती, आणि टेबलावर वही उघडी होती. एका पानावर आकड्यांच्या दोन रांगा. "हा एक खेळाडू आहे," त्या म्हणाल्या. "शत्रू दिसल्यापासून पहिली गोळी सुटेपर्यंत किती फ्रेम जातात ते मी काढलं. दिवाळीनंतर सतरा होत्या. या महिन्यात सव्वीस. काय करावं?"

अंशुलने जिलेबी तोंडात असतानाच निकाल दिला. "छब्बीस? ये तो सो रहा है, आंटी. निकालो इसको टीम से. कौन है?"

"मी आहे," मावशी म्हणाल्या.

अंशुलने जिलेबी ताटलीत ठेवली. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण मावशींनीच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बरोबर बोलला तू. नाव माहीत नव्हतं म्हणून बरोबर बोलला." मग त्यांनी उजवा अंगठा पुढं केला. सकाळी तो वाकला की वाकलेलाच राहायचा, दुसऱ्या हाताने सरळ करावा लागायचा. डॉक्टरांनी दुखण्याचं नाव ट्रिगर फिंगर सांगितलं होतं. "मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, मी काय खेळते ते तुम्हाला कोणी सांगितलं?" त्या हसल्या. आम्हाला हसू आलं नाही.

"मावशी, इंजेक्शन असतं ना त्याचं?" मी म्हटलं. "दोन आठवड्यांत बरा होईल."

"घेईन ना. पण आपल्याजवळ दहा दिवस आहेत. बंदुकीत सहा फ्रेम कमावल्या अन् अंगठ्यात नऊ घालवल्या. असा माल मी पास करू का, सांग."

सव्वीस वर्षांत त्यांनी कोणालाही जी सूट दिली नव्हती ती त्या स्वतःला देणार नव्हत्या, हे मला कळत होतं. तरी मी रागाने उठून स्वयंपाकघरात गेले. थोड्या वेळाने त्या मागून आल्या, पातेल्यात कोमट पाणी घेतलं आणि अंगठा त्यात बुडवून उभ्या राहिल्या. खिडकीतून येणाऱ्या उजेडात त्यांचा चेहरा एकदम थकलेला दिसला. मी विचारलं, "वाईट वाटतंय?"

"हो," त्या म्हणाल्या. "वाटून राहिलं." आणि पाण्यातला अंगठा दुसऱ्या हाताने सरळ केला.

बदली खेळाडूही त्यांनी आधीच शोधून ठेवली होती. रोशनी ही जवळच्या कुंडम गावची मुलगी, नर्सिंग शिकायला जबलपूरच्या वसतिगृहात राहणारी. अधूनमधून ती आमच्याबरोबर सराव करायची. बोलायची कमी आणि पळायची फार. "हिच्या चौदा फ्रेम आहेत," मावशी म्हणाल्या. "दोष एकच. सगळ्यांच्या पुढं धावते." दहा दिवस त्यांनी तिला शिकवलं. आपल्या नावाचा टी-शर्ट त्यांनी स्वतः उसवून तिच्या मापाचा करून दिला. रोशनी संकोचाने म्हणाली, "आंटी, आप खेलतीं तो अच्छा था." मावशींनी टाचणी दातात धरून मान हलवली. "सीधी खड़ी रह."

अंतिम दिवशी मावशी आणि काका तिसऱ्या रांगेत बसले होते. काका चुकीच्या ठिकाणी टाळ्या वाजवत होते. आम्ही चांगले खेळलो, आणि हे मी खात्रीने सांगू शकते, कारण नंतर सगळं मोजलं गेलं. शेवटच्या डावात अंशुल पडला. समोर त्यांचा एकच माणूस उरला होता. इकडे मी आणि रोशनी. त्या स्पर्धेच्या नियमात आपल्या माणसाची गोळी आपल्या माणसालाही लागत होती. समोरच्याने धुराचा गोळा फेकला आणि सगळं पांढरं झालं. रोशनी नेहमीसारखी पुढं धावली. धुरात मला एक सावली दिसली. माझा नेम तिच्यावर होता. मी गोळी सोडली नाही. ती सावली वळली, आणि मी पडले. पाठोपाठ रोशनीही पडली. आमचा दुसरा नंबर आला.

परतताना अंशुल सारखा म्हणत होता, "सामने था, यार. चला देती!"

दोन दिवसांनी मावशींच्या घरी आम्ही चौघं ते रेकॉर्डिंग बघायला बसलो. मावशी डाव्या हाताने एकेक फ्रेम सरकवत होत्या. धूर आला, सावली आली, माझा नेम सावलीवर स्थिरावला. त्या मोजत राहिल्या आणि मी पडले तिथं थांबल्या. "चाळीस," त्या म्हणाल्या. मशीनला बारा लागतात. तेवढ्या वेळात मी त्याला तीनदा मारू शकले असते.

"काहून थांबली?" त्यांनी विचारलं.

मला खोटं बोलता येत नव्हतं. "मला वाटलं ती रोशनी आहे."

आता ठरलेला प्रश्न येणार म्हणून मी मान खाली घातली. पण मावशींनी काही विचारलं नाही. त्यांनी रेकॉर्डिंग मागं नेलं, ती सावली पुन्हा पाहिली, मग रोशनीकडे पाहिलं. हातातलं पेन त्यांनी टोपण लावून टेबलावर ठेवलं.

"हे चाळीस मी लिहीत नाही," त्या म्हणाल्या. "बाकी जिथं जिथं उशीर झाला तो आपण कमी करू. हा असाच असू दे."

मग आजवर आमच्यात क्वचितच तोंड उघडणारी रोशनी माझ्याकडे वळून म्हणाली, "दीदी, अगली बार चला देना. हम हट जाएँगे."

मावशी इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला.

त्यांच्या अंगठ्यावर नंतर छोटी शस्त्रक्रिया झाली आणि तो वाकायला लागला. त्यांनी पुन्हा मोजलं. एकवीसच्या खाली काही आलं नाही. संघात परत यायचा विषय त्यांनी काढला नाही, आम्हालाही काढू दिला नाही. पण आमचा एकही सामना त्यांनी बघायचा सोडला नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या आणि प्रणव त्या दोघांना बंगळूरला घेऊन गेला. स्टेशनवर अंशुल सामान चढवत होता आणि दर दोन मिनिटांनी विचारत होता, "आंटी, जाना ज़रूरी है क्या?" काका त्याला समजावत होते. गाडी हलली तेव्हा मावशी खिडकीतून म्हणाल्या, "रडायचं काय त्यात? तुम्ही खेळा. मी बघून राहिली."

आता मी भोपाळला नोकरी करते, अंशुलने रिछाईतच काम धरलं आहे, आणि रोशनी कुंडमच्या दवाखान्यात नर्स आहे. रविवारी दुपारी आम्ही तिघं अजून खेळतो. कुंडमला नेटवर्क जातं, रोशनी मधेच गायब होते आणि माफी मागत परत येते. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात डोळ्याचं एक छोटं चिन्ह असतं, आणि त्याच्यापुढे आपला खेळ किती जण बघताहेत तो आकडा. बहुतेक वेळ तिथं शून्य असतं. तीनच्या सुमारास, काकांचा चहा झाला की, त्या शून्याचा एक होतो. अंशुल तेवढी बडबड थांबवतो, रोशनी पुढं धावायची थांबते, आणि मी खुर्चीत पाठ सरळ करून बसते.